मजकूर नाही म्हणजे रिकामी

लग्नाकार्यात आपलं काम काय ते सांगणं मी कधीच सोडून दिलं. आधी हौसेनं सांगायचे. पंगतीत शेजारी बसलेली आतेसासू विचारायची, "कुंदा, तू नेमकं करते तरी काय वं?" मी म्हणायचे, "मशीन कसं वापरायचं ते लिहिते." ती म्हणायची, "म्हणजे टायपिंग." पुढे पुढे मीच टायपिंग म्हणायला लागले. भात येईपर्यंत विषय संपायचा.

आता निवृत्त झाले आहे, कुणाला भ्यायचं कारण नाही, म्हणून सगळं सांगूनच टाकते. पहिली कितीतरी वर्षं मी माहितीपुस्तिका लिहिल्या. पंपाच्या, इन्व्हर्टरच्या, कूलरच्या. नव्या वस्तूच्या खोक्यात तळाशी जे पातळसं पुस्तक असतं, आणि जे तुम्ही थर्माकोलबरोबर फेकून देता, ते मी लिहिलेलं असायचं. आमच्याच घरातल्या कूलरचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली ह्यांनी माझी पुस्तिका घडी करून सारली होती. माझं लिखाण कुणाच्या कामी आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं ते तेवढंच.

त्याच कूलरची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एका उन्हाळ्यात बाहेर जाताना मी ह्यांना म्हटलं, "कूलरमध्ये पाणी टाका." परत आले तर बैठकीत घोट्याएवढं पाणी, सोफ्याखालच्या चपला दारापर्यंत वाहून आलेल्या, आणि हे हातात नळी धरून उभे.

"अहो, हे काय?"

"पाणी टाकून राहिलो."

"मग भरल्यावर थांबायचं नाही का?"

"थांबा म्हणून कुठं सांगितलं होतं तू?"

बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस! मी डोक्याला हात लावला. पण पुढे माझी जी नोकरी झाली, तिच्यात मला रोज असाच माणूस समोर धरून लिहायचं होतं.

ती नोकरी अशी. आमच्या नागपूरच्याच एका कंपनीनं प्रेझेंटेशन बनवायचं सॉफ्टवेअर काढलं होतं. प्रेझेंटेशन म्हणजे काय ते सांगायला नको. हल्ली बारशालासुद्धा पडद्यावर स्लाइड दाखवतात. तर या सॉफ्टवेअरमध्ये एक एजंट बसवायचा होता. आमच्याकडे एजंट म्हटलं की लोकांना विम्याचा नाहीतर आरटीओचा आठवतो. हा तसा नव्हे. हा कृत्रिम बुद्धीचा. तुम्ही त्याला साध्या भाषेत लिहायचं, 'या स्लाइड नीट लाव,' आणि त्यानं त्या लावायच्या.

आता या हुशार गड्याला हात नसतात. त्याला आम्ही अवजारं देतो. एक अवजार स्लाइड जोडतं, एक काढून टाकतं, एक मजकूर बदलतं, एक चित्र सरकवतं. कुठलं अवजार कशाचं, हे त्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक अवजाराला एक चिठ्ठी लावावी लागते. हे काय करतं, कधी वापरायचं, कधी हातही लावायचा नाही, आणि चूक झाली तर मागे फिरता येतं का. त्या चिठ्ठ्या लिहिणारी ती मी.

आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला असा वाचक मिळाला, की जो माझं अक्षर न् अक्षर वाचतो! प्रत्येक काम सुरू करण्याआधी पहिल्यापासून वाचतो. कंटाळत नाही, 'मला माहीत आहे' म्हणत नाही, थर्माकोलबरोबर फेकत नाही. फक्त तो माणूस नाही, एवढंच. इतकी वर्षं माणसांनी केलेला अपमान त्यानं एका आठवड्यात भरून काढला.

त्रास होता तो आमच्या निखिलचा. निखिल माझा साहेब. वयानं माझ्या मुलाएवढा, पुण्याहून आलेला, आणि स्वभावानं घाईचा. "कुंदा मॅडम, चिठ्ठ्या लहान करा. एजंटला सगळं वाचायला लागतं, वेळ जातो." मी दहा ओळी लिहायचे, हा चार ठेवायचा. आणि कापायचा नेमक्या कुठल्या? 'कधी वापरू नये' आणि 'मागे फिरता येत नाही'. "हे निगेटिव्ह वाटतं, मॅडम." मी म्हणायचे, "बाबा रे, विजेच्या खांबावर कवटी काढतात तीपण निगेटिव्हच असते." तो हसायचा आणि कापायचा.

गमतीही व्हायच्या. नागपुरातल्या सदर भागातल्या एका क्लासवाल्या सरांनी एजंटला सांगितलं, 'सगळ्या स्लाइड एकसारख्या कर.' त्यांना म्हणायचं होतं, रंग आणि अक्षर एकसारखं. एजंटनं पहिली स्लाइड उचलली आणि सगळीकडे तीच लावली. पहिल्या स्लाइडवर सरांचा स्वतःचा हसरा फोटो होता. मी माफीचा मसुदा लिहायला घेतला, तेवढ्यात सरांचाच निरोप आला. फारच प्रभावी झालं आहे म्हणे, पालकांना आवडलं. मसुदा फाडला. त्या चिठ्ठीत मी दुरुस्ती केली ती मात्र सरांना कळवली नाही.

अशा गमती सांगून दिवाळी अंकाची पानं भरता आली असती. पण मी लिहायला बसले आहे ते वाडीच्या नामदेवरावांमुळे.

माझ्या निवृत्तीला महिना उरला होता. शनिवारी सकाळी निखिल माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, एका ग्राहकाची तक्रार आहे. छोटाच ग्राहक आहे. तुम्ही जरा छान भाषेत उत्तर लिहून द्या, की एजंटनं जे केलं ते वापरणाऱ्यानं सांगितलं म्हणूनच केलं." छान भाषेत 'तुमचं तुम्ही बघा' असं लिहिणं हाही माझ्या कामाचा भाग होता. मी म्हटलं, आधी तक्रार तर ऐकू. आणि फोन लावला.

पलीकडून दमलेला आवाज आला. "मी नामदेव बोलून राहिलो, वाडीच्या गोदामातून."

त्यांची हकीकत अशी. अमरावती रोडवर वाडीला जी गोदामांची रांग आहे, त्यातल्या एका गोदामावर नामदेवराव सव्वीस वर्षांपासून सुपरवायझर. हाताखाली सहा हमाल. दोन पावसाळे गोदामाचं छत गळत होतं. खोकी भिजायची, बुड फाटायचं, आतला माल फुटायचा. नामदेवराव शेठला सांगायचे, शेठ म्हणायचे बघू. शेवटी माल ज्या कंपनीचा, तिनं जाब विचारला. तेव्हा शेठनं दोन कामं केली. गुपचूप पत्रे बदलून घेतले, आणि हमाल माल आपटतात म्हणून फुटतो असं सांगून टाकलं. सहाही जणांना काढायचं, सोमवारी हिशेब करून टाकायचा, असं ठरलं.

"पण मायाजवळ फोटो होते मॅडम," नामदेवराव म्हणाले. "दोन वर्षांचे. पत्र्याचे भोकं, वरून येनारं पानी, भिजेल माल. पोरीनं ते सारे कॉम्प्युटरवर चढवून देल्ले. एका पानावर एक फोटो. पयल्या पानावर 'गोदामाची हकीकत', शेवटच्या पानावर 'धन्यवाद'. मधात अडतीस फोटो."

"फोटोंखाली काही लिहिलं होतं का?"

"लिहाचं काहून? बोलनार तं मी होतो ना."

गुरुवारी त्यांच्या मुलीनं, वडिलांचं काम साहेबी दिसावं म्हणून, एजंटला लिहिलं होतं, 'नीटनेटकं कर, फालतूचं काढून टाक.' एजंटनं नीटनेटकं केलं. स्वतःच जतनही केलं. फोनमधले फोटो नामदेवरावांनी आधीच पुसले होते, कारण नातेवाइकांच्या सुप्रभातांनी फोन भरून गेला होता. शुक्रवारी ते सदरला शेठच्या ऑफिसात गेले, कॉम्प्युटर उघडला. पहिलं पान, गोदामाची हकीकत. बटण दाबलं. धन्यवाद.

"शेठ हासले," ते म्हणाले. "म्हने, नामदेव, एवढंच म्हनाचं होतं तं फोनवर म्हनायचं होतं."

मी फोन ठेवला. कुठल्या अवजारानं हे केलं ते मला न बघताच कळलं होतं. 'रिकाम्या स्लाइड काढणे.' त्या अवजाराची चिठ्ठी मी लिहिली होती. ही ओळ निखिलनं कापलेली नव्हती, वाढवलेली नव्हती, ती सगळी माझी होती. 'ज्या स्लाइडवर मजकूर नाही ती रिकामी समजावी.'

जन्मभर शब्दांवर पोट भरलेली बाई! जिथे शब्द नाहीत तिथे काहीच नाही, हे मला इतकं पक्कं वाटत होतं की लिहिताना क्षणभर हात थांबला नाही. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर एखादे वेळी चित्र आठवलं असतं. मला नाही आठवलं.

एजंट काम करताना आपली रोजनिशी ठेवतो. काय पाहिलं, काय ठरवलं, काय केलं. ती आम्हाला उघडता येते. मी नामदेवरावांच्या फाइलची उघडली. फोटो गेले होते, पण रोजनिशी होती.

'स्लाइड ४. छायाचित्र. पत्र्याच्या छताला तीन भोकं, त्यातून उजेड दिसतो. खाली खोक्यांची थप्पी, वरची खोकी ओली. मजकूर नाही. रिकामी. काढली.'

'स्लाइड ११. छायाचित्र. दोन माणसं शिडीवर, खोक्यांवर प्लास्टिक अंथरत आहेत. दोघांचे कपडे भिजलेले. मजकूर नाही. रिकामी. काढली.'

'स्लाइड २६. छायाचित्र. जमिनीवर पाणी. एक माणूस खोकं छातीशी धरून चालतो आहे. मजकूर नाही. रिकामी. काढली.'

अडतीस वेळा. प्रत्येक फोटो कुठल्या तारखेला काढला तेही सोबत. मी वाचत गेले आणि माझे कान तापत गेले. मेल्यानं सगळं पाहिलं होतं! भोकं मोजली होती, भिजलेले सदरे ओळखले होते. आणि तरीही अडतीस वेळा रिकामी म्हणाला, कारण मी सांगितलं होतं. माझ्या लाडक्या वाचकानं माझा शब्द खाली पडू दिला नाही.

मी निखिलकडे गेले. म्हटलं, ही रोजनिशी त्यांना द्यायची आहे.

"मॅडम, ते अंतर्गत आहे."

"त्यांचीच फाइल. त्यांच्याच फोटोंची हकीकत. यात आपलं अंतर्गत काय आहे? माझा मूर्खपणा?"

"तुम्ही इमोशनल होताय."

"होतेय. तू उत्तर लिही मग. छान भाषेत."

निखिलनं घड्याळाकडे पाहिलं. वाईट नाही तो. म्हणाला, "प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरचा चालू आहे," आणि जेवायला निघून गेला. अकरा वाजले होते.

रविवारी मी स्कूटीवर वाडीला गेले. दोन्ही बाजूंनी ट्रक, मधे मी, आणि डिकीत अडतीस रिकाम्या स्लाइडींचा गठ्ठा. नामदेवराव गोदामाच्या दाराशीच उभे होते. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी आधी मला आत नेऊन छत दाखवलं. नवे कोरे पत्रे, इतके चकचकीत की कधी गळलं असेल असं कुणाच्या बापाला वाटू नये.

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता. "नामदेवराव, तुमचे फोटो काढून टाका असं लिहिणारी मी."

त्यांनी विचारलं, "तुमी पाह्यले होते माये फोटो?"

"नाही."

"मंग पाह्यले कोनं?"

"यंत्रानं. त्यानं पाहिले, काय आहे ते लिहूनही ठेवलं. हे बघा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या पहिली दोन-तीन पानं वाचली. शिडीवरचे दोघे कोण ते त्यांना लगेच कळलं. "हे रामा अन् गनपत," म्हणाले. मग ते पान माझ्यापुढे धरलं.

"त्याले दिसून राह्यलं होतं, अन् तरी काढलं?"

"हो. मी रिकामं म्हणायला सांगितलं होतं म्हणून."

"आमच्या शेठचं बी तसंच हाये," नामदेवराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर सदरला गेले. आपण चूक केली तर निस्तरायला स्वतः जावं, असं मला वाटलं. ते बरोबर वाटलं की नाही, हे आजही ठरवता येत नाही. शेठ मोठे गोड. मला थंड पाणी दिलं, नामदेवरावांना बसायला सांगितलं नाही. मी कागद पुढे केले आणि हे कसं तयार झालं ते समजावून सांगितलं.

"म्हणजे हे कॉम्प्युटरनं स्वतः लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माणसानं नाही?"

"नाही."

शेठचा चेहरा बदलला. सव्वीस वर्षं ज्याच्या हातात त्यांनी गोदामाच्या किल्ल्या सोपवल्या होत्या, त्या माणसानं दोन वर्षं तोंडानं सांगितलेलं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल! त्यांनी पानं उलटली. तारखा पाहिल्या. मालवाल्या कंपनीपुढे हे कागद गेले तर काय, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं. मला ते बोलून दाखवावं लागलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पोरं राहू देत कामावर."

मला वाटलं, जिंकलो. मी उठले, नमस्कार केला. तेवढ्यात शेठ तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "नामदेव, तुझंही वय झालं आता. पुढच्या महिन्यापासून आराम कर. घरचं भांडण भांडायला बाहेरचं बाईमाणूस आणावं लागतं, एवढीच ताकद राहिली तुझ्यात."

जिन्यावरून उतरताना मी रडकुंडीला आले होते. फोटो असते तर नामदेवराव एकटेच बोलले असते. चार भिंतींच्या आत मालक आणि नोकर, शेठनं शिव्या देऊन का होईना ऐकलं असतं. मी आले, कागद आला, आणि शेठची मान खाली गेली. त्याचा राग त्यांनी कुणावर तरी काढायचाच होता.

"मी यायला नको होतं," मी म्हटलं.

"राहू द्या हो मॅडम. साही जनं राह्यले ना?"

"तुमचं काय?"

"माई बांधी आहे रामटेककडे, लहानसं वावर. धान लावीन." मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "तुमी तं मायापेक्षा जास्तच घाबरल्या."

त्या आठवड्यात मी चिठ्ठी बदलली. 'चित्र असलेली स्लाइड रिकामी नसते. काढण्यापूर्वी माणसाला दाखवून विचारावे. काढलेली स्लाइड परत येत नाही.' निखिलनं तिन्ही ओळी ठेवल्या. मी असेपर्यंत तरी. आता दुसरी ओळ गेली आहे म्हणे, विचारत बसल्यानं वेळ जातो.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं मला हार घातला आणि पडद्यावर माझे फोटो दाखवले. प्रेझेंटेशन अर्थातच एजंटनं केलं होतं. माझा जुना नियम अजून डोक्यात असल्यासारखा त्यानं एकही फोटो मजकुराविना सोडला नव्हता. शेवटच्या, तिथेच नुकत्याच काढलेल्या फोटोखाली लिहिलं होतं, 'एक वयस्क स्त्री, गळ्यात हार.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मागून विचारलं, "जिवंत आहे का नाही, ते काहून नाही लिहिलं?"

नामदेवराव मला अधूनमधून फोनवर फोटो पाठवतात. बांधीचा, धानाचा, नातीचा, एकदा नुसत्या कुंपणाचा. प्रत्येक फोटोखाली न चुकता लिहितात, 'मॅडम, हे रिकामं नाही.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, मग झोंबलं. आता सवय झाली आहे. बोलणी खाण्यासारखं काम मी केलं होतं, आणि ती इतक्या मायेनं देणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा आणखी एक फोटो आला. वाडीच्या गोदामाचं दार, त्यापुढे कामाच्या कपड्यांत ओळीनं उभे राहिलेले हमाल. ते तिकडे भेटायला गेले असावेत. या फोटोखाली मात्र एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून मोजलं. सहा होते.